खिडकीतून दिसणारी खोली

खोल्या किती, हेच आधी ठरेना. मावशीच्या हिशेबाने अकरा. धाकटे काका नऊवर ठाम, कारण जिथे कोणी झोपत नाही ती त्यांच्या लेखी खोलीच नव्हे. थोरल्या वहिनींनी बोटांवर मोजून चौदा सांगितल्या. त्यात न्हाणी धरली आणि पोटमाळाही धरला. वकिलांच्या तक्त्यात मात्र एक आकडा लिहायला जेमतेम जागा होती.

हे घर माझ्या मावशीच्या सासरचे. वाळपईपासून थोडे आत, सत्तरीतल्या एका डोंगराच्या उतारावर. मावशीचे यजमान गेल्यावर सगळ्या वारसांनी मिळून इन्व्हेंटरी घालायचे ठरवले. घाटावरच्या वाचकांना हा शब्द दुकानातल्या मालाचा वाटेल. आमच्याकडे तो वाटणीच्या दाव्याचा आहे. पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा १८७० मध्ये गोव्याला लागू झाला, मुक्तीनंतरही राहिला, आणि त्यातला वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा. सगळ्या मिळकतीची यादी कोर्टापुढे ठेवायची, किंमत ठरवायची आणि मग वाटे पाडायचे. यादीत ‘एक जुने घर’ एवढे लिहून भागत नाही. वकील म्हणाले, इंजिनियर बोलावण्याआधी घरच्यांनीच एक कच्चा नकाशा काढा, म्हणजे कोण कुठे राहतो ते तरी कळेल.

मी शाळेत भूगोल शिकवते. “तुला नकाशे येतात” एवढ्या पात्रतेवर काम माझ्या गळ्यात पडले. मला येतात ते सह्याद्रीचे आणि पर्जन्यमानाचे नकाशे. तिथे एखादा किलोमीटर इकडेतिकडे झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. इथे काकांच्या कपाटाचा कोपरा कोणाच्या हद्दीत येतो यावर आवाज चढत होते. मदतीला माझा भाचा होता. तो पणजीला, आल्तिनोवरच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये शिकतो आणि रविवारी घरी येतो. टेप, ओळंबा, आलेखाचा कागद आणि एक टॉर्च एवढे सामान त्याने आणले. टॉर्च कशाला, ते मला नंतर कळले.

पहिला धडा त्याने कर्णांचा दिला. खोलीच्या चारी बाजू मोजल्या म्हणजे खोली मोजली असे होत नाही, दोन्ही कर्णही मोजायचे. देवघराशेजारच्या खोलीच्या समोरासमोरच्या बाजू अगदी सारख्या निघाल्या, पण एक कर्ण दुसऱ्यापेक्षा सव्वा फूट लांब. म्हणजे जिथे मावशी गेली पन्नास वर्षे निजते ती खोली काटकोनी नसून पुरी तिरपी आहे. पलंग भिंतीला कधीच नीट लागत नाही म्हणून ती इतकी वर्षे सुताराला दोष देत होती. खोली तिरपी का, हे घरात उभे राहून कळेना. मागच्या परसात गेल्यावर कळले. डोंगर तासून जी सपाटी केली तिची कडच तिरपी आहे, आणि घराची सगळ्यात जुनी भिंत त्या कडेला धरून उभी आहे.

सगळ्यात जुनी भिंत कोणती, हे मात्र मी इथे सहज लिहिले तसे सहज कळले नाही. जेवणाच्या खोलीत एक खिडकी आहे. तिला उभे लाकडी गज, खाली रुंद कट्टा. कट्ट्यावर लोणच्याच्या बरण्या. खिडकीतून पाहिले की दिसते सामानाची खोली: तांदळाचे पिंप, जुना पाळणा, मिक्सरचे खोके. खोलीत उघडणारी खिडकी मी आयुष्यभर पाहत आले होते, आणि कोणी ती अशी का, असे विचारल्याचे मला आठवत नाही. भाच्याने सामानाची खोली रिकामी करायला लावली (वहिनींचा चेहरा इथे वर्णन करत नाही) आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. भिंतीच्या पायथ्याशी, चिऱ्याच्या जोत्यावर, वितीवितीच्या अंतराने खळगे होते, वाटीच्या तळाएवढे, एका सरळ ओळीत. मी बोट घालून पाहिले, कडा गुळगुळीत.

“पागोळ्या,” भाचा म्हणाला.

छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याने चिऱ्यात पाडलेले खळगे. वाळपईचा पाऊस गोव्यातल्या सर्वांत दांडग्या पावसांपैकी एक, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. त्या पावसाचा हा लेखी पुरावा एका कोरड्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे होता. म्हणजे ती खिडकी खरोखरच बाहेर उघडत होती, ही भिंत घराची शेवटची भिंत होती, आणि सामानाची खोली नंतर कोणीतरी वळचणीला जोडली. मग भिंतीची जाडीही पटली. ती मातीची आहे, दोन फुटांहून जाड. नंतरच्या भिंती चिऱ्याच्या आणि बारीक. मातीची भिंत पाऊस झेलायची तर जाडच हवी.

तेव्हापासून मी खोल्या मोजणे सोडून भिंतींची जाडी मोजायला लागले. दारे-खिडक्यांच्या फटीत टेप घालायची, जाडी लिहायची, कागदावर तेवढी जाड रेघ ओढायची. जाड रेघा जोडत गेल्यावर मधोमध एक घर आपोआप दिसू लागले: राजांगण, त्यात तुळस, भोवती चारी बाजूंना सोपे, पूर्वेला देवखोली, एका कोपऱ्यात चूल. बाकीचे सगळे या घराला बाहेरून चिकटलेले. चिऱ्यातही जुना-नवा ओळखण्याची खूण भाच्याने दाखवली. हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे, आखूड घाव दिसतात. यंत्राच्या करवतीने कापलेल्या चिऱ्यावर ओळीने वळणदार चरे उठतात. गिलावा उडालेल्या प्रत्येक ठिकाणी मी नाक भिंतीला लावून उभी. शेजारच्या बायकांनी मावशीला हळूच विचारले म्हणे, टीचरची तब्येत बरी आहे ना.

मग हरवलेल्या फुटांची गोष्ट. आतल्या खोल्यांची मापे ओळीने मांडली, भिंती धरल्या, बेरीज केली, आणि बाहेरून घेतलेल्या लांबीशी ताडून पाहिली तर अडीच फूट कमी. पुन्हा मोजले. तेवढेच कमी. घरात अडीच फूट रुंदीची अशी काही जागा होती जिथे आम्ही कोणीच गेलो नव्हतो. काकांनी लगेच भुयाराचा विषय काढला. सत्तरीत जुन्या घरात न कळणारे काही सापडले की ते भुयार असते, आणि भुयार नसेल तर राण्यांच्या बंडातले काहीतरी असते. दिपाजी राण्यांनी १८५२ मध्ये इथून जवळचा नानुसचा किल्ला घेतला, १८९५ मध्ये पुन्हा बंड उठले, तेव्हा ते मोडायला पोर्तुगालहून राजपुत्र अफोन्सोच्या बरोबर फौज आली. ही खरी आणि मोठी गोष्ट आहे. पण तिच्या नावावर तालुक्यातला प्रत्येक काळा वासा आणि प्रत्येक भोक जमा करायचे म्हणजे राण्यांवरही अन्याय आणि घरावरही.

आमचे अडीच फूट निघाले दोन भिंतींत. घराची मधली भिंत एक नाही, दोन आहेत, पाठीला पाठ लावून, मध्ये उंदीर जाईल एवढी फट. मावशीच्या आजेसासऱ्यांचे आणि त्यांच्या भावाचे जमले नाही. एकाने सोपा अडवून भिंत घातली. दुसऱ्याने आपल्या बाजूने वेगळी घातली, कारण सामायिक भिंतीत खुंटी मारायची तरी भावाला विचारावे लागले असते. पुढे भावाची शाखा मुंबईला गेली, हिस्सा परत आला, भिंतीत दार पाडले गेले. ते दार म्हणून चार फूट खोल आहे. आम्ही लहानपणी त्यात बसून चिंचा खायचो.

भाचा म्हणाला, “आते, चांदोरला चल, तिथे हे मोठ्या प्रमाणावर आहे.” सासष्टीतला ब्रागांझांचा वाडा दोन शाखांत असा उभा विभागला आहे की एकाच लांबलचक दर्शनी भिंतीमागे दोन घराणी आहेत, एका अंगाला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या अंगाला ब्रागांझा परेरा. लुईस द मिनेझिस ब्रागांझा, ज्यांच्या नावाने पणजीत संस्था आहे, ते या घरातले. मी पाहून आले. तिथली भिंत झुंबरांची आणि आमची उंदरांची, पण ती घालायला लावणारा कायदा एकच.

सगळ्यात जास्त गोंधळ उडवला तो घराच्या दर्शनी भागाने. रस्त्यावरून येणारा प्रत्येकजण म्हणतो, “काय सुंदर पोर्तुगीज घर आहे!” दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेला बल्काव, उंच दुपाखी खिडक्या, गिलाव्यात उठवलेले खोटे खांब. एका खिडकीत अजून शिंपल्यांचे तुकडे शाबूत आहेत, त्यातून उजेड दुधाळ येतो. पण हा सगळा थाट एका खोलीपुरताच खोल आहे. बल्काव, त्यामागे साल म्हणजे दिवाणखाना, आणि सालाच्या मागच्या दारातून पाऊल टाकले की राजांगण. मी पणजीजवळ तोर्डा इथले ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय पाहिले, आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा यांनी रस्त्यांच्या बेचक्यात बांधलेले. हेता पंडित आणि अॅनाबेल मास्करेन्हस यांचे त्याच नावाचे १९९९ चे पुस्तक भाच्याच्या कॉलेजातून आणून चाळले. त्यातून एक गोष्ट डोक्यात बसली: गोव्यातले ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करते, हिंदू घर आपल्या चौकाकडे. आमच्या घराला दोन तोंडे का?

उत्तर मावशीने भाजी चिरता चिरता दिले. तिच्या यजमानांचे पणजोबा गावचे रेजिदोर झाले, म्हणजे सरकारचा गावातला माणूस. मग वाळपईहून अंमलदार यायचे, शिपाई यायचे, जमिनीच्या भानगडी घेऊन लोक यायचे. त्यांना बसवायचे कुठे? बूट घातलेल्या, परधर्माच्या, परजातीच्या माणसाला तुळशीपर्यंत येऊ द्यायचे नव्हते. म्हणून पुढे ही खोली बांधली, साहेबाला साजेल अशी. खुर्च्या तिथे, बोलणी तिथे, चहा तिथे, आणि तिथूनच निरोप. मला हे ऐकून घराची सगळी पुढची बाजू वेगळीच दिसायला लागली. ज्याला आपण पोर्तुगीज प्रभाव म्हणतो तो इथे पोर्तुगीज माणसाला घरात शिरू न देण्याचा उपाय होता.

आणि सत्तरीत ‘साडेचारशे वर्षांचा पोर्तुगीज वारसा’ म्हणणाऱ्यांना तर माझे हात जोडून सांगणे आहे की हा भाग नव्या काबिजादींतला. सत्तरी, डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या हातात गेले, पेडणे १७८८ मध्ये. पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा बाहेरून पाहायला गेलो तेव्हा तीच रचना भव्य आकारात दिसली. या घराण्याला पोर्तुगिजांनी व्हायकाउंट केले होते. पुढे किताबाला शोभणारा युरोपी वळणाचा दर्शनी भाग. मागे मात्र चौकाला चौक जोडत गेलेले हिंदू घर. आमच्याकडे किताब नव्हता, रेजिदोरकी होती, म्हणून एकच खोली.

छपरासाठी मेस्त आले. वय झालेले, पण शिडीवर माझ्यापेक्षा पुढे. त्यांच्या वडिलांनी या घराची शाकारणी केली होती. मी कौलावरचा छाप पाहून हरखले: बासल मिशन, १८६५. वहीत तारीख लिहायला पेन उघडले तोच मेस्त म्हणाले, “बाई, तें कारखान्याचें वर्स. कौलाचें न्हय.” बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते वर्ष १८६५, आणि पुढे किती तरी वर्षे ते कौलावर उठत राहिले. पुढच्या पाख्यावर कॉमनवेल्थ ट्रस्टचा छाप होता. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने त्या ट्रस्टकडे गेले, तेव्हा ती कौले त्यानंतरची. काही अल्बुकर्क कारखान्याची निघाली, आणि काही बिनछापाची, अलीकडे वाळपईच्या बाजारातून आणलेली. मंगळुरी कौलांच्या आधी इथे नळीची कौले होती. त्यांना खाली दाट बांबू लागत. मंगळुरीला ठरल्या अंतरावर रिपा पुरतात. जुन्या वाशांवर मेस्तांनी दाट खिळ्यांची भोके दाखवली, नव्या रिपांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मग ते धाकट्या काकांच्या निजायच्या खोलीत थांबले. वर पॉलिश केलेले, चॉकलेटी, चकचकीत वासे. त्यांनी खिशातली सुरी काढून वाशाच्या खालच्या अंगाला नखाएवढी खरवड दिली. पॉलिशखाली काळे कुळकुळीत. बोटाला लागले, वास घेतला तर धुराचा. “हांगा रांधप जातालें,” मेस्त म्हणाले. काका म्हणाले, बंडात घर जळले होते, त्याची ती खूण. मेस्तांनी वाशाची वरची बाजू दाखवली. ती स्वच्छ, पिवळसर. आग लागली असती तर तिने खालचे-वरचे पाहिले नसते.

माझ्या मनात अजून एक शंका होती. चूल इथे, तर कांडण कुठे? मावसभावाच्या खोलीतले लिनोलियम उचलल्यावर ते सापडले. जमिनीत पुरलेले दगडी व्हायन, म्हणजे उखळ, तोंडावर सिमेंटची चकती बसवलेली. मावशी धावत आली. ही पूर्वी मागची पडवी. लग्न होऊन आली तेव्हा ती आणि तिची सासू इथे भात कांडत. गावात गिरणी आली, कांडण बंद झाले, थोरल्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा पडवीला भिंत घालून खोली केली. सून ज्या खोलीत आली तिच्या पलंगाखाली सासूचे व्हायन होते. वहिनी म्हणाल्या, “मला कोणी सांगितलेच नाही.” मावशी म्हणाली, “सांगण्यासारखे काय होते त्यात?”

आता घराबाहेरच्या बांधकामांकडे येते. खरे तर इथूनच सुरुवात करायला हवी होती असे मी भाच्याला म्हटले, तर त्याने कॉलेजातला एक संदर्भ काढला. १८६४ मध्ये, ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीचे राज्य असताना, रॉबर्ट कर नावाच्या आर्किटेक्टने सभ्य गृहस्थाचे घर कसे असावे यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात दुधाची खोली, भांडी घासायची खोली, दिव्यांची खोली, कपडे धुण्याची खोली, आणि नोकर मालकाच्या नजरेस पडू नयेत म्हणून वेगळे जिने आणि बोळ. वाचून मला गंमत वाटली ती अशी की साहेबाने नोकर लपवायला बोळ काढले आणि आमच्या रेजिदोरांनी साहेब अडवायला साल बांधले. कामाच्या जागा मात्र तिकडे घराच्या पोटात, आमच्याकडे परसात विखुरलेल्या.

न्हाणी विहिरीच्या बाजूला, वेगळी. तिचे सांडपाणी चराने थेट केळी-पोफळींच्या कुळागरात. आता घराला चिकटून स्लॅबचे बाथरूम आहे, त्याचे पाणी टाकीत जाते आणि केळी सुकल्या म्हणून ओरड आहे. गोठ्याची कथा त्याहून लांबची. होंड्याच्या, पिसुर्ल्याच्या बाजूला खाणी जोरात होत्या तेव्हा मावसभावाने कर्जावर ट्रक घेतला. गुरे विकली. ट्रक गोठ्यात बसेना, म्हणून पुढची तुळई कापली आणि दोन सिमेंटचे खांब घातले. कापलेल्या तुळईची टोके अजून भिंतीतून बाहेर आलेली दिसतात, करवतीच्या खुणांसकट. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक उभा राहिला, मग मिळेल त्या किमतीला गेला. आता त्या उंच, रिकाम्या गोठ्यात एक स्कूटर आणि गणपतीतल्या माटोळीचा सांगाडा आहे.

परसाच्या वरच्या टोकाला, काजूच्या बागेला लागून, एक चार खांबांचे छप्पर. इथे मी बराच वेळ घालवला, कारण सगळ्या जागेत हीच एक काहीही न बदललेली. जमिनीत दगडी कोळंबी: काजूची बोंडे टाकून पायाने तुडवायची खोलगट जागा, एका बाजूला रस वाहून जायला भोक. खाली रस धरायला भांडे ठेवायचा खड्डा. पलीकडे भट्टीची चूल, तिच्यावर भाण बसेल एवढे गोल तोंड, मातीने लिंपलेले. दर मार्च-एप्रिलमध्ये ही जागा चालू होते. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळून फेणी. कोळंबीची कड पायांनी झिजून एका अंगाला खाली आली आहे. तुडवणारे नेहमी त्याच बाजूने चढतात. बाकी घर दर पिढीला मोडून जोडले. काजूचे काम बदलले नाही, म्हणून छप्परही बदलले नाही.

खालच्या टोकाला मांगर. मावशीच्या लेखी तो अजून मांगर आहे: पेंढा, नांगर, भाताच्या कणग्या ठेवायची जागा. प्रत्यक्षात तिथे घर आहे. दारात तुळस, वर स्लॅब, बाजूला टाइल लावलेला संडास, डिश अँटेना. घरात एक आजी, तिचा मुलगा, सून, नात. आजीचा सासरा भाटकाराच्या, म्हणजे या जमिनीच्या मालकाच्या, कामाला होता, मांगरात राहायला आला आणि राहिला. १९७५ च्या मुंडकार कायद्याने अशा माणसाला त्याच्या राहत्या घरातून हलवता येत नाही, शिवाय घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला: भिंतीपासून पाच मीटर किंवा गावात ३०० चौरस मीटर, यांत जे जास्त ते. वारसांपैकी दोघांना हे माहीत नव्हते आणि एकाला माहीत असून आठवत नव्हते.

मी टेप घेऊन गेले तेव्हा आजीने आधी चहा ठेवला आणि मग विचारले, “बाय, मेजता कित्याक?” मी खरे ते सांगितले. तिने आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणले: घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, मामलेदारांकडचा एक हुकूम. माझ्यापेक्षा तिची कागदपत्रे जास्त नीट होती. स्लॅबच्या आत तिने मांगराची एक मूळ भिंत ठेवली आहे, मातीची. तिच्यावर हात ठेवून म्हणाली, ही सासऱ्याने घातलेली. भाटकाराच्या मांगराची भिंत, पण माती कालवली ती सासऱ्याने.

सर्व्हेचा नकाशा आणला तेव्हा आणखी एक गाठ पडली. १९७० च्या दशकातल्या त्या नकाशावर, एका मिलिमीटरला एक मीटर, आमचे घर, न्हाणी, गोठा आणि मांगर असे चार सुटे आकार आहेत. आता न्हाणीपासून घरापर्यंत पत्र्याचे छप्पर आहे, म्हणजे कागदावर ती दोन नव्हे, एकच वास्तू. फॉर्म एक-चौदात, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, मांगर नुसता ‘घर’. कोणता नकाशा खरा? भाचा म्हणाला, दोन्ही काढ. म्हणून मी ट्रेसिंग पेपर घेऊन एकावर एक बसणारे थर केले. मातीच्या भिंती तपकिरी. रेजिदोरांची खोली निळी. भावाभावांची दुहेरी भिंत लाल. लग्नांसाठी घातलेल्या खोल्या हिरव्या, आणि त्या सगळ्यात जास्त निघाल्या. घरात चार मुलगे असले की पडव्या शिल्लक राहत नाहीत. खाणीच्या पैशाचे स्लॅब करडे. मांगर तुटक रेषेत, भोवती पाच मीटरची चौकट.

वकिलांनी थर उचलून पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, “यात बांधीव क्षेत्रफळ किती?” ते मी काढलेच नव्हते. त्यांना घर कसे झाले याच्याशी काही घेणे नव्हते, आणि तेही बरोबरच. क्षेत्रफळ काढून दिले. खरा वाद निघाला तो त्या खिडकीवर. सामानाची खोली एका वाट्यात आणि जेवणाची दुसऱ्या वाट्यात गेली, तर सामानाच्या खोलीला उजेड येणार तो दुसऱ्याच्या घरातून. काका म्हणाले, खिडकी चिणून टाकू. वारसांतल्या बेळगावच्या ताई, ज्यांना त्या खोलीत राहायचे नाही, त्या म्हणाल्या, माझ्या वाट्याची खिडकी कोण चिणतो ते बघते.

यादी अजून पुरी व्हायची आहे. तोपर्यंत मिरग जवळ आला. दाव्यातल्या घराची शाकारणी कोणी करायची, पैसे कोणाच्या वाट्यातून, यावर एकमत होईना, आणि मागच्या पाख्याची रीप मोडली होती. शेवटी मावशीने आपल्या पेन्शनमधून मागच्या बाजूला निळे पत्रे घालून घेतले, कौलांच्या वरूनच, साडेबारा फूट बाय नऊ. मेस्त नाराज होते. पत्र्याखाली कौलाला हवा लागत नाही आणि वासा कुजतो, असे ते म्हणाले. मी ते पत्रे नव्या थरावर घेतले, जांभळ्या रंगात, आणि बाजूला वर्ष लिहिले. काकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, हे तात्पुरते आहे, हे कशाला दाखवतेस. न्हाणीपर्यंतचे छप्परही तात्पुरतेच घातले होते, १९८३ साली.